आधीचा संसार का मोडला, हे कायद्याने कळू शकतं का?

सुरमई

मावसबहिणीसाठी विचारते आहे. वय चौतीस, हिंजवडीत नोकरी, तिचं हे पहिलंच लग्न. वधूवर सूचक मंडळातून एक स्थळ आलंय. मुलगा घटस्फोटित, बोलायला शांत. दोन्ही घरच्यांची बैठक झाली, मंडळी सगळ्यांना आवडली. "आधीचं जमलं नाही, म्युच्युअल झालं," एवढंच सांगितलं गेलं, आणि त्यापुढे खोदून विचारणं आपल्याकडे वाईट दिसतं. मग ओळखीतल्या एका बाईंनी मावशीच्या कानावर घातलं, की ते जोडपं धायरीत ज्या सोसायटीत राहायचं तिथे रात्री पोलीस आले होते, आणि तेही एकदाच नाही. बाई उगाच बोलणाऱ्यातल्या नाहीत, पण पुढचं त्यांनाही माहीत नाही.

मावशी म्हणते चौकशी करू. काका म्हणतात, कुणाच्या मोडलेल्या संसारातलं उकरू नये. बहिणीने सरळ त्यालाच विचारलं. उत्तर आलं, "तीच फार चिडकी होती, तिनेच पोलीस बोलावले आणि नंतर तिनेच सगळं मागे घेतलं." खरंही असेल.

इंग्लंडमध्ये म्हणे पोलिसांकडे जाऊन विचारता येतं, या माणसाने आधीच्या बायकोला किंवा मैत्रिणीला मारहाण केल्याची नोंद आहे का. आपल्याकडे असं काही आहे का? नसेल तर आज, पुण्यात, कायद्याच्या चौकटीत राहून काय काय शोधता येतं? आणि असा कायदा असावा का? कसब्यातून निवडणुकीला उभं राहणाऱ्यावर कुठले गुन्हे आहेत ते प्रतिज्ञापत्रात वाचायला मिळतं. फ्लॅट भाड्याने द्यायचा तर भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी लागते. जावई तेवढा तोंडी विश्वासावर.

"मुलीला लग्नाची घाईच काय" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरी भरपूर मिळतात.

नारायणपेठी

आमच्या वेळी इस्त्रीवाल्याला विचारायचे. वाण्याकडे उधारी किती ते कळायचं, शेजारच्या काकू अर्ध्या तासात तीन पिढ्यांचं सांगायच्या. आता सोसायटीच्या गेटवर मोबाईलवर आलेला आकडा सांगितल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि शेजारी शेजाऱ्याचं आडनाव दाराच्या पाटीवरून वाचतो. वाचतो आहे, धागा चांगला आहे.

मु. पो. लीड्स

त्या कायद्याबद्दल मी लिहिते. क्लेअर वुड ही सॅल्फर्डची तरुणी. फेसबुकवर ओळख झालेल्या माणसाशी तिचं जमलं, मग फाटलं. त्याचा त्रास सुरू झाल्यावर ती पोलिसांकडे गेली होती, तरी फेब्रुवारी २००९ मध्ये त्याने तिचा खून केला. आधीच्या जोडीदारांना छळल्याचा त्याचा इतिहास पोलिसांच्या दप्तरात होता. तिच्या वडिलांनी, मायकेल ब्राउन यांनी हा विषय लावून धरला. २०१२ मध्ये काही पोलीस दलांत प्रयोग झाला आणि ८ मार्च २०१४ पासून सगळ्या इंग्लंड-वेल्समध्ये लागू. लोक 'क्लेअरचा कायदा' म्हणतात, पण मुळात ही पोलिसांनी राबवायची योजना आहे. तिच्या मार्गदर्शक सूचनांना वैधानिक आधार मिळाला तो २०२१ च्या कायद्याने.

यात दोन वाटा आहेत. एक, तुम्ही जाऊन विचारायचं. दुसरी, कुणी विचारलं नाही तरी धोका दिसला तर पोलिसांनी स्वतःहून सांगायचं. आई, भाऊ, मैत्रीण, कुणीही अर्ज करू शकतं. माहिती मात्र अर्जदाराला मिळेलच असं नाही, ती जिला धोका आहे तिला किंवा तिचं रक्षण करू शकेल अशा माणसालाच देतात. समोर बसवून तोंडी सांगतात, हातात कागद देत नाहीत, आणि ही माहिती दुसरीकडे पसरवणार नाही असं लिहून घेतात. पुरुषांनाही हा हक्क आहे. स्कॉटलंडने २०१५ मध्ये आणि कॅनडात सस्कॅचेवानने २०२० मध्ये अशीच सोय केली.

पण इथल्या संस्थांची एक तक्रार आहे, ती ऐकून ठेवा. पोलीस दप्तरात असेल तेवढंच सांगू शकतात. आधीच्या बाईने कधी फोनच केला नसेल, तर उत्तर येतं "सांगण्यासारखं काही नाही", आणि विचारणारी ते "माणूस चांगला आहे" असं ऐकते.

दस्तऐवज

सुरमईताई, शिवाजीनगरला वकिली करतो. मुलीचे आईवडील हा प्रश्न घेऊन येतात, बहुतेक वेळा साखरपुडा झाल्यावर. तुम्ही आधी विचारताय, बरं आहे.

पहिलं उत्तर सरळ आहे. तसा हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही. २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना पाहता येते आणि तिच्यात नवऱ्याने बायकोला मारल्याच्या नोंदी नसतात. माहितीच्या अधिकारात विचाराल तर वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज परत येईल.

दुसरं, पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. ते ज्याचं त्यानेच मागायचं असतं. मुलाला "घेऊन ये" म्हणता येतं, त्यात बेकायदा काही नाही. पण तो कुठे कुठे राहिला ते आधी विचारा. धायरी पुणे शहर पोलिसांकडे, हिंजवडी-वाकड २०१८ पासून पिंपरी-चिंचवडच्या वेगळ्या आयुक्तालयाकडे.

आता खरी मेख. २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा (डी.व्ही.) घ्या. त्यातला अर्ज बाई थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करू शकते. तो अर्ज म्हणजे फौजदारी गुन्हा नव्हे, कार्यवाही दिवाणी स्वरूपाची आहे. संरक्षण आदेश मोडला तर मात्र गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे एखाद्या बाईने वर्षभर डी.व्ही.ची केस चालवली, अंतरिम पोटगी मिळवली आणि मग तडजोड केली, तर चारित्र्य पडताळणीत त्याचा मागमूस नसण्याचीच शक्यता जास्त.

क्रूरतेची केस, म्हणजे पूर्वीचं ४९८अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, हा गुन्हाच आहे, एफआयआर होतो. पण तडजोड झाली की दोघं मिळून उच्च न्यायालयात जातात आणि गुन्हा रद्द होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये बी. एस. जोशी प्रकरणात याला वाट करून दिली. उद्देश चांगला होता, दोघांनी आयुष्यभर कोर्टात कुजू नये. परिणाम असा, की परस्पर संमतीच्या निकालात एक ओळ उरते: मतभेदांमुळे एकत्र राहणं अशक्य झालं.

त्यात हिंदू विवाह कायद्याचं कलम २२. सुनावणी बंद दाराआड, आणि कामकाज छापायला मनाई. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नाव आणि वर्ष टाकून शोधता येतं, शोधाच. पण 'कुलकर्णी'चं स्पेलिंग क्लार्कने कसं टाकलं यावर सगळं अवलंबून. काही सापडलं नाही म्हणजे काही नव्हतं, असं धरू नका.

मग काय मागायचं? घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित नक्कल, आणि तिच्यासोबतच्या संमतीच्या अटी. नुसता 'डिक्री'चा कागद नको. लग्न नोंदणीच्या वेळी घटस्फोटिताला डिक्री दाखवावी लागतेच, त्यामुळे "कशाला हवी?" या प्रश्नाला उत्तर तयार आहे. त्या अटींमध्ये मागे घेतलेल्या केसेसचे नंबर सहसा लिहिलेले असतात. बंद दरवाजाची किल्ली तीच.

लग्नानंतर कळलं तर? वस्तुस्थिती लपवून संमती मिळवली म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली विवाह रद्द करून मागता येतो, पण फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत, आणि कळल्यावर राजीखुशीने एकत्र राहिला नसाल तरच. आधीचं लग्नच लपवलं असेल आणि ते अजून टिकून असेल, तर मामला वेगळा. न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

कडबा

दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. माझ्या सख्ख्या भावावर ४९८अ लागलं होतं. आई, मी, आणि लग्न होऊन नाशिकला गेलेली बहीण, सगळे आरोपी. पाच वर्षांनी निर्दोष. तुमचा इंग्लंडसारखा कायदा आला असता तर भावाचं दुसरं लग्न झालं असतं का? "नोंद आहे" एवढं कुणी ऐकलं की "निर्दोष" कुणी ऐकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने स्वतः डिसेंबर २०२४ मध्ये या कलमाच्या गैरवापराबद्दल सुनावलंय. जुलै २०२५ मध्ये तर तक्रारीनंतर दोन महिने अटक नको, आधी कुटुंब कल्याण समितीकडे पाठवा, या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या सूचना देशभरासाठी उचलून धरल्या. मग खाजगीपणाचा मूलभूत हक्क, २०१७ चा निकाल, तो फक्त बायकांसाठी आहे का?

रेवदंडा

कडबा, तुमच्या भावाचं ऐकून वाईट वाटलं, उपरोधाने म्हणत नाही. मी पुण्यात एका समुपदेशन केंद्रात काम करते. तुम्ही म्हणता ती भीती खरी आहे, म्हणूनच उघड यादी कुणी मागू नये असं माझंही मत आहे. पण लीड्सच्या ताईंनी लिहिलेल्यात यादी नाहीच. एका माणसाबद्दल, एकाच माणसाला, धोका किती ते तपासून सांगायचं. निर्दोष सुटलेल्या एका केसचं वजन आणि तीन वेगवेगळ्या बायकांच्या तीन तक्रारींचं वजन सारखं धरायला नको, आणि ते ठरवायला कुणीतरी जबाबदार अधिकारी बसलेला असायला हवा.

माझी अडचण वेगळी आहे. उद्या विधानसभेने असा कायदा केला, तरी दप्तर उघडल्यावर आत काय सापडणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१. लग्न झालेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांहून थोड्या जास्त जणींनी नवऱ्याच्या हातून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागायला गेल्या साधारण १४ टक्के. तीनचतुर्थांशांहून जास्त जणींनी मदत मागणं सोडाच, कुणाला सांगितलंही नव्हतं.

आणि ज्या जातात त्यांचं काय होतं ते रोज बघते. रात्री चौकीत गेली की "घरगुती आहे, एनसी घेतो". एनसी म्हणजे अदखलपात्र, कोर्टाच्या आदेशाशिवाय त्यात तपास नाही. बाईला वाटतं तक्रार झाली. हातात पावती असते, ती ती ब्लाउजच्या कप्प्यात जपून ठेवते, घामाने शाई उतरते. आम्ही पहिलं काम करतो ते त्या पावतीचा फोटो काढायचं.

एनसीऐवजी किंवा एनसीबरोबर डीआयआर भरून घ्या, असं मी प्रत्येकीला सांगते. डीआयआर म्हणजे घरगुती घटनेचा अहवाल, घरगुती हिंसाचार कायद्यातला नमुना १. संरक्षण अधिकारी तो भरतात, फी नाही, वकील लागत नाही. कधी, कुठे, कशाने मारलं, मुलं समोर होती का, सगळ्याला रकाने आहेत, आणि प्रत दंडाधिकाऱ्यांकडे जाते, पोलीस ठाण्यालाही जाते. केस करायचीच अशी सक्ती नाही. नमुना ५ तर अजून महत्त्वाचा, सुरक्षा आराखडा. तो माणूस पुढे काय करेल अशी बाईला भीती आहे, तेच त्यात लिहायचं असतं. धोका मोजायचा कागद आपल्याकडे २००६ पासून छापील आहे. भरलेला मी फार क्वचित पाहिलाय.

कडबा

हे पटलं. डीआयआर ऐकलं नव्हतं. आमच्या केसमध्ये असता तर कदाचित खोटेपणा लवकर उघड झाला असता, कारण तारखा जुळल्याच नसत्या.

रेवदंडा

अगदी. वेळेवर केलेली नोंद दोघांच्याही कामाची असते.

अवांतर वाटेल, पण दोन प्रकरणं डोक्यातून जात नाहीत. २०२२ मध्ये दिल्लीत उघडकीला आलेला वसईच्या मुलीचा खून आठवा. तिने नोव्हेंबर २०२० मध्ये तुळिंज पोलिसांना लेखी दिलं होतं, की जोडीदार मला मारून तुकडे करण्याची धमकी देतो. नंतर तिनेच वाद मिटला म्हणून सांगितलं आणि फाईल बंद. दुसरं आपल्या दाराशी, मे २०२५, मुळशीतल्या एका सुनेचा मृत्यू. खटला चालू आहे म्हणून आरोपांबद्दल काही लिहीत नाही. पण त्याच घरातल्या मोठ्या सुनेच्या बाजूने आधी राज्य महिला आयोगाकडे तक्रार गेली होती, हे सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. तक्रार मागे घेतली किंवा पुढे सरकली नाही की आपली यंत्रणा ती झालीच नाही असं समजते.

एकशिंगी

लग्नाचं चाललंय ते ठीक. माझी रूममेट बाणेरला, डेटिंग ॲपवर भेटलेला मुलगा, एकत्र राहत नाहीत. त्याच्या एक्सने हिला इन्स्टावर मेसेज केला, "सांभाळून राहा", एवढाच. आता ब्रेकअपनंतर तो ऑफिसच्या गेटवर उभा राहतो. डी.व्ही. लागतं का?

दस्तऐवज

एकशिंगी, एकत्र राहिलेले नसतील तर बहुधा नाही. २०१० च्या वेलुसामी निकालात आणि २०१३ च्या इंद्रा सर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाहसदृश संबंध कशाला म्हणायचं ते सांगितलंय. सामायिक घर, काही काळ सहवास, जगापुढे जोडपं म्हणून वावर. लिव्ह-इनला तो कायदा लागू होऊ शकतो, नुसत्या डेटिंगला नाही.

पण ती निराधार नाही. पाठलाग हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, नको सांगूनही संपर्क करत राहणं त्यातच येतं. धमकी असेल तर ३५१. आणि एक जुनं, कमी वापरलं जाणारं हत्यार, चॅप्टर केस. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६. शांतता राखीन असा एक वर्षापर्यंतचा बंधपत्राचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात, आणि आयुक्तालय असलेल्या शहरात ते अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच असतात. गणपतीच्या आधी मंडळाच्या पोरांवर चॅप्टर चालवायला पोलिसांना वेळ मिळतो, इथेही मिळायला हवा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गेटवरचं सीसीटीव्ही फुटेज कंपनीकडून आजच मागा, काही दिवसांनी पुसलं जातं. तातडी असेल तर ११२. महिला हेल्पलाइन १८१.

पर्वतीपायथा

बरेच दिवस इथे फक्त वाचते. आज लिहिते, कारण या धाग्यात ज्या 'आधीच्या बायको'बद्दल बोललं जातंय, तशी मी एक आहे. सुरमई, तुमच्या स्थळाशी माझा संबंध नाही, मी धायरीची नाही, काळजी नको.

म्युच्युअल कसं होतं ते सांगते. माझ्या डी.व्ही. अर्जाला तारखा पडत होत्या. कायद्यात पहिली सुनावणी तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न करा असं आहे. सिव्हिल कोर्ट स्टेशनला उतरून त्या जिन्यापर्यंत जाण्याची मला सवय झाली होती. सुट्टी पगारातून कापली जायची, मुलगी शाळेतून कुणी आणायची हा रोजचा प्रश्न. मग त्यांच्या वकिलांचा प्रस्ताव आला. सगळ्या केसेस मागे घ्या, ठरावीक रक्कम, मुलीचा ताबा तुमच्याकडे, सहा महिन्यांचा थांबाही न्यायालयाकडून माफ करून घेऊ. ताबा वाचला आणि मी पुढचं वाचायचं थांबले असं नाही, सगळं वाचलं. त्यात एक कलम होतं: दोन्ही पक्ष यापुढे एकमेकांविरुद्ध कोणतीही तक्रार करणार नाहीत आणि बदनामीकारक वक्तव्य करणार नाहीत. माझी वकील म्हणाली, हे सगळ्यांच्यात असतं. सही केली. आजही करेन, मुलगी माझ्याकडे आहे.

पुढे एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन. एक गृहस्थ, आवाज चाचरत, माझं लग्नातलं नाव घेऊन विचारलं, आपणच का. त्यांच्या मुलीचं माझ्या आधीच्या नवऱ्याशी ठरत होतं. नंबर कुठून काढला देव जाणे. म्हणाले, "ताई, मला तपशील नकोत. माझ्या मुलीला तिथे देऊ का, एवढंच सांगा."

मी गॅस बंद केला आणि गॅलरीत गेले. डोक्यात ते कलम. रक्कम परत मागतील का, ताब्याचं उकरून काढतील का. त्याच वेळी असंही वाटलं, की माझ्या वेळी माझ्या बाबांनी असा फोन केला असता तर कुणी काय सांगितलं असतं. त्याची माझ्या आधी कुणी बायको नव्हती, त्यामुळे तो प्रश्न तसा निरर्थकच.

मी त्यांना म्हटलं, काका, मी बरंवाईट काही बोलणार नाही, मला तसं बंधन आहे. केसचा नंबर आणि वर्ष देते, लिहून घ्या. त्यांना म्हणा या अर्जाची आणि त्यावरच्या त्यांच्या उत्तराची नक्कल दाखवा. ते दाखवत नसतील तर तेही एक उत्तर समजा. त्यांनी नंबर दोनदा वाचून दाखवला, अंक बरोबर आहेत ना म्हणून. मग "बंधन आहे" हा शब्द त्यांनी हळूच परत उच्चारला आणि म्हणाले, समजलं.

पुढे काय झालं मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. पण कायदा काय असावा असं कुणी मला विचारलं तर मी म्हणेन, त्या कलमाला हात घाला आधी. पैशाची तडजोड होऊ दे, ताब्याची होऊ दे, घटस्फोट होऊ दे. मला मारलं होतं ही गोष्ट मात्र तडजोडीत विकत घेता येऊ नये.

मु. पो. लीड्स

काही लिहायला सुचत नाहीये. इथे लिहिलंत, बरं केलंत.

नारायणपेठी

इस्त्रीवाल्याचा माझा प्रतिसाद फारच उथळ वाटतोय आता. पण त्या गृहस्थांनी केलं ते बापाने करण्यासारखंच होतं.

दस्तऐवज

पर्वतीपायथा, तुम्ही त्या फोनवर जे केलंत ते कायद्याच्या दृष्टीने अगदी चोख होतं. दिलेला केस नंबर ही बदनामी नव्हे.

बऱ्याच जणींना माहीत नसतं म्हणून इथे लिहून ठेवतो. बदनामीच्या कलमाला, पूर्वीचं ४९९, आताचं ३५६, दहा अपवाद आहेत. पहिला अपवाद सत्य आणि लोकहित. दहावा असा, की एखाद्याला दुसऱ्याबद्दल सद्भावनेने सावध करणं ही बदनामी नाही, जर ते सावध करणं ऐकणाऱ्याच्या किंवा त्याच्या जवळच्या माणसाच्या भल्यासाठी असेल. १८६० पासून आहे हे. म्हणजे क्लेअरच्या कायद्यातली अर्धी गोष्ट आपल्याकडे दीडशेहून जास्त वर्षं आहे, फक्त ती पोलिसांवर नाही तर आधीच्या बाईच्या खांद्यावर ठेवलेली. हा बचाव एका बापाला फोनवर खरं सांगितलं तर बळकट. तीच गोष्ट फोटोसकट फेसबुकच्या ग्रुपवर टाकली तर लंगडा पडतो, सद्भावना सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. एकशिंगी, तो "सांभाळून राहा" मेसेज पाठवणारीला तुमच्या रूममेटने एकदा फोन करावा.

आता संमतीच्या अटींतलं "वक्तव्य करणार नाही" हे कलम. कराराने स्वतःच्या तोंडाला कुलूप लावून घेतलं की वरचा अपवाद फौजदारीत वाचवेल, पण अटभंगाची धमकी येते, आणि ती पुरेशी असते. मी माझ्या पक्षकारांच्या बाबतीत त्यात एक वाक्य घालून घेतो: कायद्याने विचारणा झाल्यास किंवा कुणाच्या सुरक्षेसाठी आवश्यक असल्यास खरी माहिती देण्यास हे कलम आड येणार नाही. समोरचा वकील कुरकुर करतो, बहुतेक वेळा मान्य करतो. ज्यांच्या अटी अजून सही व्हायच्या आहेत त्यांनी आपल्या वकिलाला हे दाखवावं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तिथेच, कोर्टाच्या आवारात आहे. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

कडबा

त्या वाक्यात 'खरी' हा शब्द राहू द्या म्हणजे झालं.

दस्तऐवज

तो आहेच. जाणूनबुजून खोटं सांगितलं तर कुठलाच अपवाद नाही.

रेवदंडा

कायद्यात काय हवं यावर माझं थोडक्यात. नवी यादी नको. डीआयआर आणि संरक्षण आदेश यांची जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे कायमची नोंद हवी, तडजोडीने न पुसली जाणारी. ज्याच्याविरुद्ध आदेश झाला त्याला आपली बाजू त्या नोंदीला जोडता यावी. आणि पुढची बाई किंवा तिचे आईवडील विचारायला आले तर भरोसा सेलसारख्या ठिकाणी बसवून, तोंडी, पडताळून सांगावं. आयुक्तालयात तो कक्ष आहे, समुपदेशक बसतात, वेगळी इमारत लागणार नाही. मनुष्यबळ लागेल. एकेका संरक्षण अधिकाऱ्याकडे किती कामं असतात ते पाहिलं की हसू येतं.

सुरमई

सगळ्यांचे मनापासून आभार. पर्वतीपायथा, तुमचा प्रतिसाद बहिणीला वाचायला दिला.

काल ती आणि मी दोघी त्याला जंगली महाराज रस्त्यावर भेटलो. डिक्री त्याने आणली होती, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, नीट. संमतीच्या अटी मागितल्यावर म्हणाला, वकिलाकडे आहेत. बहीण म्हणाली, मग आपण वकिलाकडे जाऊ, मी रजा घेते. तेव्हा मोबाईलवर दाखवल्या, पण फोन हातात दिला नाही. तिने पान वर सरकवायला सांगितलं आणि मागे घेतलेल्या केसेसचे नंबर कागदावर उतरवून घेतले. एक डी.व्ही. अर्ज, एक एफआयआर. "म्हणजे नुसते पोलीस आले नव्हते," ती म्हणाली. तो म्हणाला, "ते सगळं खोटं होतं." ती म्हणाली, "असेल. मग तुझं उत्तर वाचायला दे, त्यात तू तेच लिहिलं असशील."

रात्री त्याच्या आईचा मावशीला फोन आला, की आमचा मुलगा काय गुन्हेगार आहे का, लग्नाआधीच कोर्टाचे कागद तपासणारी सून आम्हाला झेपणार नाही. काकांनी फोन घेतला. आम्हाला वाटलं माफी मागतील. म्हणाले, "नाही झेपणार, बरोबर आहे," आणि ठेवला.

दस्तऐवज, मंडळाला या स्थळाबद्दल काय कळवायचं? यादीत तो अजूनही "परस्पर संमतीने घटस्फोट, विनापत्य" असाच आहे, आणि पुढची मुलगी तिथूनच येणार.

दस्तऐवज

मंडळाच्या संचालकांना पत्र द्या, ग्रुपवर नको. आरोप करू नका. एवढंच लिहा, की सदर स्थळाच्या घटस्फोटाच्या अटींमध्ये अमुक दोन प्रकरणांचा उल्लेख आमच्या पाहण्यात आला, इच्छुकांनी कागदपत्रं पाहून घ्यावीत असं सुचवतो. तारीख, सही, पोच.

नारायणपेठी

आणि हॉलचा ॲडव्हान्स दिला असेल तर उद्याच जा. पितृपक्षाच्या आत परत मागितलात तर देतात, नंतर "सीझन गेला" म्हणतात.